अडीच महिन्यांचा गोऱ्हा

आमच्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत. सौदा ठरला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घेणाऱ्यानं घरून आणलेलं दावं जनावराच्या गळ्यात पडतं. जुनं दावं गोठ्यातल्या खुंटीवर जाऊन बसतं. जनावर गेलं तरी बरकत जाऊ नये, एवढाच त्यातला भाव. मी सासरी आले तेव्हा आमच्या गोठ्यात एकही जनावर नव्हतं, आणि खुंटीवर दोन दावी होती. पण ती विकलेल्या बैलांची नव्हती. खुरकतीच्या साथीत सासऱ्यांची जोडी आठ दिवसांच्या अंतरानं मेली होती, तिची होती.

लग्न झालं तेव्हा मला तेरावं सरून दोनेक महिने झाले असतील. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तेच ते वर्ष, छप्पन. घर गावात नव्हतं, कळंबकडच्या वाटेला शेतातच होतं. दोन खोल्या, पुढं गोठा, बाजूला विहीर. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. त्यामुळं सासुरवास नावाची गोष्ट मला भोगावी लागली नाही, असं बायका म्हणायच्या, आणि मला त्यांचा फार राग यायचा. छळायला का होईना, घरात एक बाई असती तर तिच्याशी बोलता तरी आलं असतं. घरात होते ते सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची. दिवसाकाठी ते दहा वाक्यं बोलत, त्यातली सहा गोठ्याबद्दल असत. गोठा रिकामा असताना सुद्धा.

आणि आमचे हे. ते लग्नानंतर जेमतेम महिनाभर घरी राहिले. जोडी मेल्यावर शेत दुसऱ्याच्या बैलांवर चालायचं, आणि दुसऱ्याचे बैल मोकळे होईपर्यंत आपली पेरणी मागं पडायची. मग घरात दोन पुरुष बसून काय करायचं, म्हणून हे यवतमाळला सरकीच्या तेलगिरणीत लागले होते. जाताना पिशवी खांद्याला लावून अंगणात उभे राहिले. मी दाराच्या आड होते. ते मामाजींकडं पाहत, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "जोडी झाली का मी आलोच समजा."

ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. नवरा म्हणजे काय हे मला तेव्हा धड कळत नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण घरात बोलणारं, हसणारं कोणी तरी हवं होतं, आणि ते येणार होतं जोडीच्या वाटेनं. एवढं मात्र मला चांगलं समजलं होतं.

मामाजींना जनावराची नजर होती. आसपासच्या गावांतून लोक गोऱ्हा दाखवायला त्यांच्याकडं यायचे. त्यांनी ठरवलं होतं की तयार बैल आणायचे नाहीत. ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर एक पांढरी गाय होती, तिचे दोन गोऱ्हे, मागचापुढचा, आणायचे आणि घरी वाढवायचे. एका आईचे दोन बैल पाऊल सारखं टाकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तांड्यावरची म्हातारी, जिची ती गाय होती, तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिच्याशी मामाजींचा दोन्ही गोऱ्ह्यांचा सौदा आधीच झाला होता. दुसरा तर अजून जन्मायचाच होता; गोऱ्हाच झाला तर, अशी बोली होती.

पहिला गोऱ्हा आणायला मामाजी तीनदा गेले आणि तीनदा रिकाम्या हातानं परत आले. मी अंगण सारवून, गव्हाण झाडून, पाण्याचं घमेलं घासून बसलेली असायची. तिसऱ्यांदा ते एकटेच येताना दिसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी ते पाहिलं असावं. पायरीवर बसून म्हणाले, "गायीनं त्याले सोतानं लाथ मारू दे. मंग आनू. घाई कायले करतं?"

उन्हाळ्यात तो आला. दहा महिन्यांचा होता. गायीला दुसरं वासरू राहिलं होतं आणि तिनं याला कासेजवळ उभं करणं बंद केलं होतं. आला तेव्हा काही फार देखणा नव्हता. लांबोडं तोंड, फासळ्या दिसणाऱ्या, आणि आम्ही कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकलं की गुन्हेगारासारखं बघायचा. दोन दिवस हंबरला. तिसऱ्या दिवशी त्यानं गव्हाणीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. कडबा, कुटार, भिजवलेली सरकीची ढेप, जे टाकावं ते खायचा आणि दुपारी निंबाखाली बसून निवांत रवंथ करायचा. पावसाळ्यात नवीन गवत आलं तरी त्याचं पोट बिघडलं नाही. मामाजींनी गोठ्याच्या लाकडी खांबावर त्याच्या खांद्याच्या उंचीला कोळशानं रेघ मारली. दर अमावास्येला नवी रेघ, आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेला खाली ढकलून वर सरकलेली. मी येता-जाता तो खांब बघायची. मला त्या रेघांत बैल दिसत नव्हता, पिशवी खांद्याला लावून परत येणारा माणूस दिसायचा.

हे पोळ्याला आले, दिवाळीला आले. दोन दिवस राहायचे, गोऱ्ह्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि जायचे. त्यांच्या कपड्यांना सरकीच्या तेलाचा वास येई. ते गेल्यावर तो वास घरात दिवसभर राही आणि मग तोही जाई.

दुसरा गोऱ्हा आश्विनात झाला. मामाजी तांड्यावर जाऊन बघून आले आणि खूश होते. म्हणाले, "येत्या श्रावणात आनू." मी बोटांवर महिने मोजले आणि माझा जीवच खचला. श्रावणात येणार, मग दोन-अडीच वर्षं वाढणार, मग जुवाला लागणार, आणि मग हे येणार. आणि इथं मला एक अक्कल सुचली. माझ्या वयाच्या कोणालाही सुचली असती, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. मला वाटलं, गोऱ्हा लवकर आला तर लवकर बैल होईल. मामाजी उगाच आठ-दहा महिने फुकट घालवतात. तेवढे महिने तो आपल्या गव्हाणीवर खाईल, आपल्या खांबावर वाढेल. हिशेब किती सोपा होता!

पौषात मामाजींना थंडीतापानं धरलं. चार दिवस ते घोंगडीतून उठले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांना पेज दिली, घरातलं एक दावं पदराखाली घेतलं आणि ओढा ओलांडून तांड्यावर गेले.

याडी अंगणात उन्हाला बसून कांबळं सांधत होती. गाय रानात चरायला गेली होती. गोऱ्हा खुंट्याला होता, आणि त्याला पाहून मला जी उरलीसुरली शंका होती तीही गेली. तांड्यावरचे लोक पहिले तीन महिने गायीचं दूध काढत नाहीत, सगळं वासराला सोडतात. त्यामुळं तो नुसता गुबगुबीत होता, अंगावर तुकतुकी, डोळे काळेभोर. आमचा पहिला दहा महिन्यांचा असताना जेवढा भरलेला दिसत नव्हता तेवढा हा अडीच महिन्यांत दिसत होता. मला वाटलं, हा तर तयारच आहे.

"हे नानक्या छ, बाई," याडी म्हणाली. "दूध पिऊन राह्यला अजून. श्रावणात ये म्हना तुया मामाजीले."

"मामाजीनंच पाठवलं," मी म्हणाले. "त्यायले ताप आहे. ते म्हणे आजच घेऊन ये."

आयुष्यात मी काही फार खोटं बोललेली बाई नाही. पण हे खोटं मी इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. याडीनं सुई कांबळ्यात खोचली. मामाजींच्या शब्दाबाहेर ती जाणार नव्हती. तिनं उठून आपलं दावं सोडून घेतलं. गाय परत यायच्या आत ने, एवढंच ती म्हणाली.

गोऱ्हा दाव्याला ओढून येईना. पाय रोवून उभा राहिला. मग मी त्याच्या तोंडात दोन बोटं दिली. ती तो चोखायला लागला आणि बोटं चोखत चोखत माझ्यामागं ओढ्यातून, शेतातून, घरापर्यंत आला. इतका विश्वास माझ्यावर त्या घरात आल्यापासून कोणी टाकला नव्हता. मी वाटभर त्याच्याशी बोलत होते. मला फार आनंद झाला होता, तो आठवला की आजही लाज वाटते.

मामाजी हंबरणं ऐकून घोंगडीसकट दारात आले. "कोनं सांगतलं तुले?"

"मीच," मी म्हणाले.

"तू काहून गेलती?"

 सासऱ्याला काय सांगणार, की तुमचा मुलगा लवकर यावा म्हणून गेले होते! मी खाली मान घालून गोऱ्ह्याचं दावं खुंट्याला बांधलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गोऱ्ह्याजवळ गेले, त्याचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, आणि तापातच स्वतःची घोंगडी काढून त्याच्या पाठीवर टाकली.

कडबा त्यानं तोंडात धरला आणि सोडून दिला. कुटार हुंगलं. त्याला खायचं माहीतच नव्हतं. मोठा गोऱ्हा शेजारी खसखसा चावत होता, आणि हा माझ्या बोटांकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी भुकेनं त्यानं कुटार खाल्लं आणि चौथ्या दिवशी हगवण लागली. पातळ, पांढरी. शेपटी, मागचे पाय सगळं भरून गेलं. वर थंडी. नाकातून पाणी आणि मग खोकला. आठ दिवसांत त्याची तुकतुकी कुठल्या कुठं गेली आणि केस उभे राहिले. मामाजी बेलाचा गर ताकात कालवून नळीनं पाजत. मी त्याचं अंग पुसायची, राख टाकायची, आणि मनातल्या मनात देवाला म्हणायची की मी मोठ्या माणसासारखं खोटं बोलले, तर शिक्षाही मला मोठ्या माणसासारखी दे, त्याला कशाला.

आम्ही त्याला परत आईकडं नेलं. ताप उतरल्यावर मामाजीच म्हणाले, चल. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल, मी उगाच रडत होते. पण तोवर दोन आठवडे उलटले होते. गाईनं दूध चोरलं होतं, कास आटत आली होती. गोऱ्हा धावत तिच्याखाली गेला. तिनं वळून त्याला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि लाथ मारली. त्याच्या अंगाला आमच्या घराचा वास लागला होता. तो पुन्हा गेला, तिनं पुन्हा मारली. चौथ्यांदा तो गेला नाही, माझ्याजवळ येऊन उभा राहिला. याडीनं तोंड फिरवलं. मला एकदम आठवलं की पंचमीला मी माहेरी गेले तेव्हा माझ्या परकराचे तुकडे गोधडीला लागलेले होते, आणि आई मला पाटावर बसवून पाहुणीसारखं वाढत होती. मी त्या तांड्यात, परक्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडले. कोणासाठी रडते ते मला सांगता आलं नसतं.

मग मामाजींनी एक दुभती शेळी आणली. दोन महिने मी बोटं दुधात बुडवून त्याला पाजत होते, मग भांड्यात तोंड घालायला शिकवलं, मग चिमूट चिमूट ढेप, मग कोवळं गवत. तो मेला नाही. गावातले लोक येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, वाचला बापा! पण वाचणं वेगळं आणि वाढणं वेगळं, हे मला खांबानं शिकवलं. त्याचं पोट डेऱ्यासारखं मोठं झालं आणि पाय काड्या राहिले. पहिला पाऊस झाला की हगवण, थंडी पडली की खोकला. मोठ्याला जे कधी झालं नाही ते सगळं याला आळीपाळीनं व्हायचं. अमावास्येला मामाजी रेघ मारायला जायचे आणि कित्येकदा कोळसा तसाच खाली ठेवायचे, कारण रेघ आधीच्या रेघेवरच येत होती. खाणं दोघांना सारखंच होतं. मी तर चोरून धाकट्याला जास्त घालायची. पण आईच्या दुधाचे सात-आठ महिने जे त्याच्याकडून गेले, ते कितीही ढेप घातली तरी परत आले नाहीत.

माझी त्याची सोबत मात्र जमली. पाणी भरायला गेले की मागून, शेतात गेले की मागून. गोवऱ्या थापताना शेजारी उभा राहून माझा पदर चघळायचा. दिवसभरात मी जे काही बोलायची ते त्याच्याशीच. नवऱ्याला घरी आणायला म्हणून आणलेला गोऱ्हा, आणि तोच माझ्या बोलण्याचा धनी होऊन बसला.

साठ साली नवं राज्य झालं त्याच सुमाराची अखजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं अखजीला शेतीचं वर्ष लागतं. हे चार दिवसांची सुट्टी काढून आले होते. या वर्षी जोडी जुवाला लावायची असं ठरलं होतं. मी पहाटेच दोघांना धुऊन काढलं, खांद्याला हळद-लोणी लावलं. धाकट्याच्या पोटाला हात लावून, आत ओढून धर रे, असंही म्हणाले. मी अठराव्यात होते. आता मला नवरा म्हणजे काय ते कळत होतं.

ह्यांनी जू ठेवलं. मोठ्याच्या खांद्यावर ते वर राहिलं आणि धाकट्याच्या मानेकडं घसरून खाली आलं. उतरत्या छपरासारखं ते जू दिसत होतं. दोन पावलं टाकली. मोठ्यानं एक पाऊल टाकलं की धाकट्याला दोन टाकावी लागत होती. वखराला लावायची तर गोष्टच नको. वीस पावलांवर धाकटा गुडघ्यावर बसला.

हे हसले. वाईट हसले नाहीत, नुसते हसले. "जोडी कुठं आहे हे? बाप-लेक दिसून राह्यले."

मामाजींनी जू काढून घेतलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही आणि कधीच नाही. म्हणाले, "माहीच घाई झाली."

हे दोन दिवस आधीच परत गेले. गिरणीत मुकादम चांगला आहे म्हणाले, पगार वाढणार म्हणाले. मी दाराच्या आडच उभी होते, पहिल्यासारखी. या वेळी ते जाताना जोडीबद्दल काही बोलले नाहीत.

ते दिसेनासे झाल्यावर मामाजी पायरीवर येऊन बसले. मी गोठ्यात धाकट्याचा खांदा शेकत होते. त्यांनी आमच्या दोघांकडं पाहिलं असावं. मग ते जमिनीकडं बघत म्हणाले, "तुलेबी आमी लवकरच आनलं, बाई."

चार वर्षांत त्यांनी माझ्याशी केलेलं माझ्याबद्दलचं तेवढंच बोलणं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनाही तेच बरं वाटलं असेल.

मोठा गोऱ्हा पुढं एका पाटलाच्या बैलाला जोड म्हणून गेला. त्याचं दावं आम्ही सोडून घेतलं. मामाजी त्यानंतर तीन वर्षं होते. ते गेले तेव्हा घरात मी आणि धाकटा, एवढेच उरलो. हे दिवस-कार्याला आले आणि म्हणाले, यवतमाळात खोली घेतली आहे, आता इथं राहून काय करतेस, चल. सात वर्षं ज्या बोलावण्याची वाट बघितली ते असं आलं, आणि मला आनंद करता येईना. शेत बटाईनं दिलं. शेळी याडीच्या सुनेला दिली. धाकटा कोणी घेईना. वखराला नाही, बैलबंडीला नाही, त्या एवढ्याशा बैलाचं करायचं काय?

शेवटी आर्णीकडचा एक म्हातारा शेतकरी आला. त्याच्याकडं असाच एक बुटका बैल होता, त्याला जोड सापडत नव्हती. त्यानं धाकट्याच्या खांद्याला आपल्या काठीनं माप लावलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अस्साच पाह्यजे होता मले. तीन बाजार फिरून आलो." मग त्यानं तोंड उघडून दात बघितले, पोटाकडं पाहिलं आणि विचारलं, "किती महिन्याचा आनलता व बाई?"

मी आठ-दहा म्हणू शकले असते. "अडीच," मी म्हणाले.

"लय लवकर आनला." त्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तरी जगला."

"हो," मी म्हणाले. "जगला."

मी माझं दावं सोडून घेतलं. म्हाताऱ्यानं आपलं घातलं. धाकटा जाईना, पाय रोवून उभा राहिला, तसाच जसा तांड्यावर राहिला होता. मी पुढं होऊन त्याच्या तोंडाशी दोन बोटं नेली. त्यानं ती हुंगली, चाटली, आणि मग बोटांमागं न येता म्हाताऱ्याच्या दाव्यामागं निघाला. त्याला आता बोटं लागत नव्हती.

यवतमाळच्या खोलीत मी ट्रंक उघडली तेव्हा लुगड्यांवर ते दावं होतं. ह्यांनी ते उचलून पाहिलं. "घरात जनावर नाही आन् दावं कायले आनलं?"

मी त्यांच्या हातून घेतलं आणि दाराजवळच्या खुंटीला लावलं. वीस वर्षांची झाले होते मी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याच्या घरी राहायला आले होते.